दोन डावी बाकं

शनिवार, १४ मार्च
दुपार

वहिनी,

तुला वाकून नमस्कार, दादाला लांबूनच. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहितोय. वेळ नव्हता म्हणणार होतो, पण तू मला ओळखतेस. वेळ होता. रोज कागद काढायचो आणि त्यावर चहाचा कप ठेवायचो. वर कोपऱ्यात तो गोल डाग दिसतोय ना, तो त्याचाच.

तब्येत बरी आहे. वेळेवर जेवतो. केस कापले. दादाचा खोकला गेला का? छोटीला पुढचे दात आले की अजून बोळकंच?

तू विचारलं होतंस, काम नक्की काय आहे. तर धक्क्यावर एक जुनी शिडाची बोट आहे, वयाने माझ्याहून मोठी. तिच्या पोटात एक खोली. खोली म्हणायची इतकंच, कारण ताठ उभं राहिलं की टेंगूळ. दोन्ही बाजूंना एकेक लांब बाक, दिवसा बसायला, रात्री आडवं व्हायला. त्या बाकांच्या गाद्या आणि पाठी आम्ही नव्या करतोय. आम्ही म्हणजे मी आणि दादाने मला ज्यांच्या गळ्यात मारलं ते सोफावाले काका. काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "सोफा काय आणि बोट काय, बूड सगळ्यांचं सारखंच."

बूड सारखं असेल, पण बोटीत सरळ रेघ नावालाही नाही गं. बाकाची पुढची कड सरळ, तर मागची बोटीच्या पोटाबरोबर वळत जाते, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला चिंचोळी. जुनं रेक्झिन ओरबाडून काढलं तेव्हा ओलं कुत्रं आणि डिझेल यांचा मिळून जो होईल तसा वास आला. स्पंज पिळला तर पाणी. बाकाखालच्या कप्प्यात एक कंगवा, अर्धी मेणबत्ती आणि बुद्धिबळातला घोडा सापडला. बाकीच्या सोंगट्या कुठे गेल्या असतील? एकटा घोडा बोटीवर कशाला येईल? असो. नमनाला घडाभर तेल.

बोट ज्यांची आहे ते आजोबा आधी गोदीत क्रेन चालवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही घेतली. बायको एकदाच आत आली, बाकावर बसली, उठली तर मागून सगळे कपडे ओले आणि बुरशीचे हिरवे डाग. "त्या कुबट बाकड्यावर मी मेले तरी बसणार नाही," म्हणाली. त्याला किती वर्षं झाली ते आजोबा सांगत नाहीत. एकट्याने बोट हाकायचं आता त्यांच्याच्याने होत नाही. "ही आली बरोबर तर ठेवीन. नाही आली तर विकून टाकीन," असं ते मला म्हणाले, ते पण माझ्याकडे पाठ करून, एक स्क्रू पिळत.

गाद्यांचं त्यांनी तिला सांगितलेलं नाही. सगळं झालं की हाताला धरून आणणार आहेत. कापड त्यांनी स्वतः निवडलं, जन्मात पहिल्यांदा. गर्द निळं, त्यावर बारीक पिवळसर पट्टे, पाणी झिरपू नये म्हणून कापडाच्या मागच्या बाजूला रबराचा लेप. दुकानदाराकडे तेवढंच उरलं होतं, आणि ते विणणारी गिरणीही बंद पडली. मला विचारलं, "हिला आवडेल ना रे?" मी तिला पाहिलेलंही नाही. म्हटलं, "आवडेल की."

आता इथून पुढे लिहायला जड जातंय, म्हणून मधेच उठून सगळ्या सुया डबीत लावून आलो.

काका दुसऱ्या गावी कामाला गेले, सोमवारी येतील. जाताना मला बजावून गेले. उजव्या गादीचं जुनं कव्हर कुजून चिंध्या झालं होतं, डावीचं धड होतं. "डावं कापडावर ठेव, आख, काप. मग तेच उलटं करून ठेव, आख, काप. उलटं! ऐकतोयस ना, गाढवा?"

"ऐकतोय ना, काका."

आणि ऐकलंही होतं, वहिनी. पण परवा मी आखत असताना शेजारच्या बोटीवरच्या दाढीवाल्याने खिडकीतून डोकं घातलं. रविवारी पहाटे निघतोय, त्याचा माणूस पळाला. "दोर ओढता येतो का?" मी म्हटलं, येतो. (तुझी कपडे वाळत घालायची दोरी सोडून मी आजवर कुठली ओढली आहे?) मग तो बेटांचं सांगायला लागला. पाणी इतकं नितळ, की टाकलेला नांगर तळाशी दिसतो. मी ऐकत होतो, आणि माझी कात्री चालत होती.

दोन्ही तुकडे बाकांवर टाकून पाहिले. डाव्यावर चपखल. उजव्यावर, डाव्या पायाचा बूट उजव्या पायात घालावा तसं. दुसऱ्या वेळी उलटवायचं राहिलं, दोन्ही डावेच कापले होते. कापलेलं कापड उलटं करून चालत नाही, मागच्या बाजूला रबर.

काल आजोबा आले. चुकलेला तुकडा मी पोत्यात कोंबला आणि म्हटलं, शिवायला घेतलंय. बरोबर बसलेल्या तुकड्यावरून त्यांनी तळहात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि गुणगुणत फळी ठोकायला लागले. मला तिथे उभं राहवेना.

तर मी दाढीवाल्याला येतो म्हणून सांगितलंय. उद्या पहाटे. तू दादाला तुझ्या पद्धतीने सांग, जरा निवांत असेल तेव्हा

हे वाक्य इथेच सोडलं. मला ते तोंडपाठ आहे. बेकरी सोडली तेव्हा हेच लिहिलं होतं. छापखाना सोडला तेव्हा हेच. आणि दर वेळी दादासमोर तू उभी राहिलीस. या वेळी काकांनाही शब्द दादानेच दिलाय, म्हणजे त्याचंही तोंड खाली.

मघाशी चुकलेला तुकडा आणि उरलेलं कापड जमिनीवर जुळवून पाहिलं. एक उजवी गादी निघते. पण मधोमध जोड येईल आणि पट्टे जुळणार नाहीत. बसलेल्याला टोचणार नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल. आजोबांना विचारल्याशिवाय तसं करता येत नाही. आणि विचारायचं म्हणजे आधी सांगायचं.

थांब. वर कोणीतरी हाका मारतंय.

वहिनी, धक्क्यावर एक बाई उभ्या आहेत. चप्पल काढून हातात घेतलीय, फळी निसरडी म्हणून.

"क्रेनवाल्यांची बोट हीच ना? मी त्यांची बायको. हे आहेत का आत?"

"नाहीत, काकू. तासाभरात येतील."

"बरं झालं. मग तूच खरं सांग. विकायला काढलीय ना बोट? महिनाभर घरात तोंडाला कुलूप लावून बसलेत."

"नाही हो, विकायला नाही."

"मग?"

तेवढ्यात दाढीवाला पलीकडून ओरडला, "पोरा, सामान आजच आणून टाक!" माझ्या तोंडून निघून गेलं, "मी येत नाही, दुसरा बघा." इतक्या मोठ्याने, की काकू दचकल्या.

त्या हात दे म्हणतायत. मी म्हटलं, वहिनीला पत्र लिहितोय, दोनच ओळी राहिल्यात. तर म्हणतात, "लिही बाबा पुरं, नाहीतर राहून जातं."

त्यांना वरच बसवतो, आत नेत नाही. गाद्या दाखवायचा मान आजोबांचा. पण दोन डाव्यांचं मी सांगणार, दोघांच्या समोर. एकाला सांगायच्या विचारानेच माझी पाचावर धारण बसली होती, आता दोघं आहेत. मग त्या जोडलेल्या गादीवर त्या बसतील की नाही, ते माझ्या हातात नाही.

दादाला काही सांगू नकोस. त्याला मी वेगळं लिहितो.

पत्ता तोच आहे, सोमवारीही तोच असेल.

तुझा,
भिंगरी