चौरागडचा दोर

१२ डिसेंबर १९५४, रविवार

झाली एकदाची गाडी तयार! म्हणजे आता निघावं लागणार.

लढाईत जखमी शिपाई वाहून नेणारी ही गाडी. सरकारनं भंगारात काढली, ह्यांनी आणली आणि दोन वर्षं गॅरेजमध्ये ठोकठोक केली. आता आत दोन बाजा, स्टोव्हला खण, पाण्याची टाकी, खिडकीला माझ्याच जुन्या लुगड्याचा पडदा. सगळा मोहल्ला पाहून गेला. मारोतरावांचं चाकावरचं घर म्हणे! हे वर चढून बसले, भोंगा वाजवला, म्हणाले, "चाल वं, पचमढीले."

पचमढीला म्हणजे चौरागडावर. सासूबाईंचा नवस आहे. हे ब्रह्मदेशात अशीच गाडी चालवत होते तेव्हा त्या बोलल्या होत्या – पोरगा जिता परत येऊ दे, त्याच्याच खांद्यावर त्रिशूळ देऊन महादेवाकडे पाठवीन. परत येऊन नऊ वर्षं झाली. दर शिवरात्रीला काही ना काही निघतं. आता त्या थांबायला तयार नाहीत. "गाडी झाली ना गा? मंग संक्रांतीच्या आत चाल."

ह्यांना भोवळ येते. हे त्यांना माहीत नाही. मलाच माहीत आहे.

१४ डिसेंबर

बाँब जवळ पडला तेव्हापासून ह्यांचा उजवा कान वाजतो. कान वाजला की डोळ्यांपुढे अंधारी, आणि पाय जातात. दिवाळीपासून तीनदा झालं. एकदा मी डबा घेऊन गॅरेजात गेले तर गाडीचं चाक धरून खाली बसलेले. चेहरा पांढराफटक. वर मलाच दम – "आईले सांगू नको. तिले वाटन नवस नाही फेडला म्हणून होऊन राहिलं."

मोहल्ल्यातल्या जाऊन आलेल्या बायका सांगतात, एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. काही नाही म्हणजे काय वं, विचारलं. म्हणे, काहीच नाही.

जेवण जात नाही.

१७ डिसेंबर

अट घातली. म्हटलं, जायचं असेल तर दोघांच्या कमरेला दोर. नाहीतर आत्ता आईंना सगळं सांगते!

हे हसले. "लग्नात गाठ मारली ते पुरली नाही का वं?"

"ते उपरण्याची होती. सोडून ठेवली कधीच."

गॅरेजचा दोर सहाच हात निघाला. त्याला विहिरीचा जुना दोर जोडला. मीच जोडला. गाठीच्या कामात मी कोणाला हात लावू देत नाही. सात वर्षांची होते तेव्हापासून बाबांच्या हातमागावर तुटलेले धागे जोडले आहेत. ह्यांच्या घरी माग कधीच मोडला, ह्यांना काय कळतं! धागा वळवला, ओढला, शेपट्या मुळाशी कापल्या – बस. शेपटी राहिली की फणीत अडकते. लांब शेपटी दिसली की बाबा बोटांवर टिचकी मारायचे. ती टिचकी हातात बसलेली आहे. विळीवर दोन्ही टोकं उडवली आणि गाठ अशी चापूनचोपून बसली की मलाच कौतुक वाटलं.

ह्यांनी दोर हातात घेतला. अंगठा फिरवला गाठीवरून, दोनदा. "मोठी साफ मारली वं," म्हणाले, आणि गुंडाळून पिशवीत टाकला.

जरा बरं वाटतंय.

२० डिसेंबर, सोमवार

निघालो. इंदूला माझ्या आईकडे ठेवलं. चार वर्षांची पोर, थंडीत कुठं न्यायची! दारात उभी राहून हात हलवत होती. मी मागे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर उतरले असते.

गाडीत चौघं. पुढे हे आणि ओमप्रकाशजी, गॅरेजात ह्यांचे जोडीदार, जरीपटक्यात राहणारे. मागे मी, सासूबाई आणि त्यांचा त्रिशूळ. लोखंडी, पुरुषभर उंच, शेंदूर लावलेला. गाडी वळली की तो माझ्याकडे सरकतो. सासूबाई म्हणतात, "भेतेस काहून? देवाचं हत्यार आहे ते." म्हणूनच भिते, आई.

छिंदवाड्याच्या पुढे मुक्काम. रस्त्याच्या कडेला स्टोव्हवर भात-पिठलं केलं. थंडी अशी की ताटातच गार.

२१ डिसेंबर

तामियाचा घाट. पूर्ण वेळ डोळे मिटून बसले. ह्यांचे हात चाकावर आहेत, आणि कान वाजला तर? ओमप्रकाशजींना पुढे होऊन म्हटलं, तुम्ही चालवा. ते म्हणाले, "भाभीजी, मारोतराव चलाए तो मैं सो भी जाऊँ." ह्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मागे सरकले आणि परत डोळे मिटले.

२२ डिसेंबर

पचमढी. गवतावर दंव पडून पांढरं झालंय, जसं कोणी पीठ सांडलं. उद्या सकाळी चढायचं. सासूबाईंचे गुडघे चालत नाहीत, त्या गाडीत बसतील. ओमप्रकाशजी त्यांच्याजवळ. आम्ही दोघंच. दोर पिशवीत, पहिलं वळण गेलं की बांधायचा.

महादेवा, मी काही मागत नाही. जसे नेते आहे तसे परत दे.

२३ डिसेंबर

पडले. हे पडले.

२५ डिसेंबर, नागपूर

दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. ह्यांना ताप आहे. मांडीचं हाड मोडलं, डोक्याला टाके. लिहिलं नाही तर वेड लागेल मला.

चढताना काही झालं नाही. खांद्यावर त्रिशूळ, कमरेला दोर, मागे मी. हे प्रत्येक पायरीला "हर हर महादेव" म्हणत होते आणि मी प्रत्येक पायरीला "हळू जी" म्हणत होते. वर देवळाजवळ त्रिशुळांचे ढीगच्या ढीग! आपला त्यात रोवला. हे लहान पोरासारखे हसले. म्हणाले, "सुटलो गा बापा." मीही हसले. भागूबाई मी, पण त्या घडीला खरंच वाटलं की झालं, संपलं.

उतरताना हे पुढे, मी मागे. तसंच ठरलं होतं. तोल गेला तर मी वरून धरीन. मी! तांदळाचं पोतं सरकवता येत नाही मला. दोर पायरीवर घासायचा म्हणून मी ओढून धरायची, की हे म्हणायचे, "राहू दे ढिला. ताणू नको." चारदा म्हणाले.

तिसऱ्या वळणावर सावली होती, पायरीवर दंव तसंच. ह्यांचा हात उजव्या कानावर गेला. मला कळलं! ओरडले – बसा जी! बसा! खाली! – आणि कमरेला असा हिसका बसला की गुडघ्यांवर आले. आणि लगेच सैल.

दोर ओढला. आला. ओढतच राहिले. येत राहिला. मग टोक हातात आलं.

तुटलेलं नव्हतं. सुटलेलं होतं. विळीनं मुळाशी कापलेलं, साफ, माझ्याच हातचं टोक.

धागा मागावर ताणलेला असतो, म्हणून शेपटी नसली तरी चालतं. दोर ढिला पडतो, हलतो, आपटतो. त्याला शेपटी पाहिजे. एवढी अक्कल मला तिथं आली, दरीच्या काठावर.

दोन पुरुष उंचीएवढे खाली हे बांबूच्या बेटात अडकले होते म्हणून वाचले. लाकडं नेणारे दोन गोंड भाऊ खाली उतरले, त्यांनीच वर आणलं, डोली करून पायथ्यापर्यंत पोचवलं. नावंसुद्धा विचारली नाहीत मी त्यांची.

बाजेवर निजवून आणलं. ओमप्रकाशजींनी कुठं थांबा घेतला नाही. एकदाच बोलले, "गाड़ी को पुराना काम याद आ गया, भाभीजी," आणि रडायलाच लागले.

२६ डिसेंबर

सासूबाईंना सगळं सांगावं लागलं. भोवळ, कान, दोर. वाटलं, आता माझी खैर नाही.

त्यांनी माझं डोकं छातीशी धरलं. "तू दोर बांधला वं माय! तुटला तं तुटला. तू बांधला तं होता!"

तुटला असं मी म्हटलं होतं. आता येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला त्या तेच सांगतात. सून कशी, तर माझी सून! मी मान खाली घालून चहा देते.

२८ डिसेंबर

पाय ठेवायचा की काढायचा, परवा सांगतील. पाय गेला तर गाडी गेली. आणि गाडी गेली तर हे कसले राहतात!

२९ डिसेंबर

तापात बडबडतात. आज दुपारी स्पष्ट ऐकलं – "गाठ." मग, "राहू दे ढिला." सासूबाई म्हणाल्या, काय म्हणून राहिला वं? मी म्हटलं, काही नाही आई, पाणी मागतात.

ह्यांना कळलंय? पडताना पाहिलं असेल का?

३० डिसेंबर

पाय राहिला!!! डॉक्टर म्हणाले, लंगडतील, पण चालतील. कानाचंही औषध देणार. सासूबाईंनी दवाखान्याच्या दारातच जमिनीला डोकं टेकलं. मीही टेकलं. वर उचलवेना.

२ जानेवारी १९५५

ओमप्रकाशजी आले. "भाभीजी, वो रस्सा ज़रा दिखाना. उस रस्से से हमने ट्रक खींचा है. टूटा कैसे?"

म्हटलं, वरच राहिला.

दोर माझ्या लोखंडी पेटीत आहे, लग्नाच्या लुगड्याखाली. दोन्ही तुकडे. गोंड भावांनी ह्यांच्या कमरेचा सोडून माझ्या हातात दिला होता. फेकवत नाही. ओमप्रकाशजी गेले तसं पेटीला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं. चोरी करणारा असंच करत असेल.

११ जानेवारी

हे घरी आले. प्लास्टर कमरेपर्यंत. इंदू त्यावर बोटानं टकटक करते आणि बाबा आत आहेत का, विचारते. हे आतून "कोण आहे?" म्हणतात. सगळे हसतात.

मी हसत नाही. हे माझ्याकडे पाहत राहतात. कधी विचारतील? विचारलं तर काय सांगू? न विचारता असंच आयुष्य गेलं तर – ते जास्त भेवाचं आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ दिला. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ह्या पोरीच्या दोरानं माझा मारोती राखला.

बस. आता नाही होत.

१५ जानेवारी

सांगितलं. सासूबाई इंदूला घेऊन देवळात गेल्या होत्या. दोराचे दोन्ही तुकडे ह्यांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हटलं, तुटला नाही जी. सुटला. मी शेपट्या कापल्या होत्या.

हे म्हणाले, "माहीत आहे मले. त्याच दिवशी पाहिलं, तू हातात देल्ला तेव्हा. जरा ढिली पडली का सुटनार, माहीत होतं."

"मंग बोलले काहून नाही?"

"दोर नाही म्हटलं असतं तं तू मले चढू देल्लं नसतं. अन् पक्की गाठ असती तं माह्यासंगं तूही गेली असती. तुह्यात काय दम आहे वं मले पेलाचा! इंदूले एक तं पाहिजे ना."

दोन्ही तुकडे मी उचलून घेतले. मग इतका राग आला, इतका! म्हटलं, मले विचारलं होतं का तुम्ही?



दोर त्यांच्या हातात दिला. म्हटलं, मारा गाठ आता. माझ्यासमोर. शेपट्या वीतभर ठेवा.