लेटरबॉक्सवरची पाटी

परीक्षित,

सोफ्यावरच झोप लागलेली दिसली, म्हणून उठवलं नाही. अनिकाला स्केटिंगला सोडून मी तशीच ऑफिसला जातेय. पोहे झाकून ठेवलेत.

स्टुटगार्टच्या कोर्टाच्या बेलीफला द्यायचं उत्तर प्रिंट करून तुझ्या लॅपटॉपवर ठेवलंय. तिथलं इंटरनेट आपण निघताना कॅन्सल केलं नाही, बिल थकत गेलं, आणि ते तुझ्या नावावर होतं, त्यामुळे सही तुझीच लागेल. रक्कम बरोबर की चूक यावर बेलीफशी वाद घालून उपयोग नाही. आपण आता अमेरिकेत राहतो, हप्त्यांनी पैसे भरू, आणि त्या घरात आता माझी बहीण शाल्मली राहते, सामान तिचं आहे, एवढंच लिहिलंय. सही करून तिला स्कॅन पाठव. गुरुवारी तो जप्तीसाठी दारात आला की ती त्याच्या हातात देईल. "ताई, माझी सायकल नेणार नाहीत ना?" असं विचारत होती बिचारी.

आपली पत्रं, त्यात कोर्टाच्या नोटिसाही, तिने न उघडता जपून ठेवली. तसं आपणच सांगितलं होतं.

काल तुला निष्काळजी म्हणाले, ते म्हणायला नको होतं. "आपल्या नावाची पाटी राहू दे लेटरबॉक्सवर, परत यायचंच आहे," असं तू म्हणालास तेव्हा मीही हसून हो म्हटलं होतं. त्या पाटीमुळेच कोर्टाने आपल्याला अजून तिथलं धरलं आणि नोटिसा पोचल्या असं मानलं.

शाल्मलीला ती आजच काढायला सांगितलीय. टाकून देऊ का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, भाऊजींना विचार.

हिमानी