अंतरपाटाचं माझं टोक

३ नोव्हेंबर
उजवा खांदा आखडलेलाच. शर्ट शांता घालून देते. पस्तीस वर्षं जामबागच्या शाळेत फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत लिहिलं, आणि आता बायको बाही ओढते. शी! तीस तारखेला पुतणीचं, मेघनाचं लग्न. अंतरपाटाचं एक टोक मी धरायचं, हा तिचाच हट्ट. लहानपणी याच खांद्यावर बसून तिने नुमाइशचं प्रदर्शन पाहिलं. तोवर हात वर जायलाच हवा. जाणारच.

६ नोव्हेंबर
पेन क्लिनिक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नर्व्ह ब्लॉक घ्या. सोनोग्राफीत बघत नसेजवळ इंजेक्शन द्यायचं. एकंदरीत सुरक्षित, क्वचित इन्फेक्शन होतं किंवा रक्त साकळतं. मात्र हात काही तास लुळा पडू शकतो, तेव्हा लग्नाच्या चार दिवस आधी तरी या. 'क्वचित' म्हणजे नेमकं किती, हे मी सहा वेळा विचारलं. बाई मध्येच उठून पाणी प्यायल्या. हल्लीच्या डॉक्टरांना पेशन्सच नाही. मी घाबरलेलो नाही. चौकशी करतोय.

९ नोव्हेंबर
शेजारचे एकनाथराव म्हणाले, नक्को मास्तर, नक्को. कुकटपल्लीत एकाने असंच इंजेक्शन घेतलं, तोंड वाकडं झालं. संपलं. सुई रद्द. नारायणगुड्याच्या मेडिकलवाल्याने न विचारताच पेनकिलर गोळ्यांची दोन पाकिटं दिली. याला म्हणतात अनुभव.

१४ नोव्हेंबर
हाड बसवणाऱ्याकडून कट्टू बांधून आलो. कट्टू म्हणजे औषधी लेपाचा पट्टा. हात मुरगाळताना माझी किंकाळी रस्त्यापर्यंत गेली म्हणे. तो म्हणाला, हल्लू हल्लू ठीक होता साब. शंभर टक्के नैसर्गिक. काय घातलंय ते विचारलं नाही. विश्वास हवा.

१७ नोव्हेंबर
लेपात अंडं आहे. शांताने फोन करून विचारून काढलं. आमच्या घरात अंडं! तेही माझ्या अंगावर, तीन दिवस जुनं! किळस, किळस. गरम पाणी ओतून पट्टा सोडवला. खांदा भाजला.

२१ नोव्हेंबर
गोळ्यांनी पोटात आग. टॉवेल धरून अंतरपाटाचा सराव केला. टॉवेल कमरेपर्यंत. शांता म्हणाली, नवरानवरी बसून राहिली तर जमेल. एकनाथराव येऊन सांगून गेले, त्या कुकटपल्लीवाल्याने इंजेक्शन दाताचं घेतलं होतं, आणि तोंड संध्याकाळी सरळही झालं. बेजबाबदार माणूस. तरी सुई ती सुईच.

२६ नोव्हेंबर
शांताने अपॉइंटमेंट घेतली होती. जायला निघणारच होतो, पण पत्रिका वाटणं जास्त महत्त्वाचं. पत्रिका मेघनाच्या भावाने, आशिषने, गेल्याच आठवड्यात वाटल्या, हे नंतर कळलं.

३० नोव्हेंबर, सकाळी ९
घेतलं! पहाटे वेदनेने रडलो. (नोंद खोडावी.) सकाळी साडेसातला क्लिनिक. बाई म्हणाल्या, आज नको, हात संध्याकाळपर्यंत उचलणार नाही. मी म्हणालो, हात माझा आहे. फॉर्मवर न वाचता सही केली, चष्मा घरी होता. सुई मुंगी चावावी एवढीच. एवढ्यासाठी लोक महिनामहिना घाबरतात! कमाल आहे लोकांची. दुखणं साफ गेलं. मुहूर्त बारा दहाचा. मी तयार.

दुपारी २
दुखत नाही. उचलतही नाही. पहिलं मंगलाष्टक डाव्या हाताने कोपराला टेकू देऊन काढलं. दुसऱ्याला माझं टोक घसरलं, आणि नवरानवरीने मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहिलं. सगळा हॉल हसला. मेघना नाही हसली. ती माझ्या हाताकडे बघत होती. शांताने माझ्या बोटांतून टोक काढून घेतलं आणि शेवटपर्यंत धरलं. शी! मला माझीच किळस आली.

संध्याकाळी ६
हात वर गेला. सरळ, डोक्याच्याही वर, अजिबात न दुखता. हॉलच्या फाटकात तसाच धरून उभा राहिलो.
मेघनाची गाडी पाचला गेली होती.