भट्टीभोवतीची मोकळी जागा

लातूर, १८ जानेवारी २०२४

ती. आप्पांना शिवांजलीचे शरणार्थ वि. वि.

फोन केला की रुद्रेश मध्येच हिसकावून घेतो, म्हणून पत्र. संक्रांतीला आले तेव्हा घरातली खव्याची भट्टी पाहून जीव दडपला. कढई आणि तुराट्यांचा ढीग यांच्या मध्ये वर्षाराणी उभी. पुढं जाळ, पाठीला जळण आणि दार भट्टीच्या पलीकडं. ठिणगी उडाली तर तिनं पळायचं कुठून? शेजारची जागा रिकामी आहे. भट्टी तिथं हलवा, चहूबाजूंनी चार-चार हात मोकळं सोडा, जळण लांब रचा. माझ्यावर आहे तेवढीच माया सुनेवरही असू द्या.

तुमची,
शिवांजली

नांदूरघाट, २ फेब्रुवारी

चि. सौ. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

तू लहानपणी फुलबाजीलासुद्धा भ्यायचीस, अजून तशीच! पण बोलणं खरं आहे. अडचण एवढीच की ती जागा आजीनं तुझ्या नावावर केलेली. रुद्रेश म्हणतो, ताईनं हक्क सोडला की लगीच भट्टी हलवतो, बायकू काय मला जड झाली हाय का. तेव्हा रजिस्ट्रीला येऊन सही करून जा. लेक दिल्या घरी सुखी असली की बापाला आणखी काय हवं? जावईबापूंना शरणार्थ. लोभ आहेच, तो वाढावा.

मन्मथप्पा

लातूर, ११ मार्च

ती. आप्पांना शरणार्थ वि. वि.

सही करून सुखरूप पोचले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आजीची तेवढीच खूण होती. पण निघताना वर्षाराणीनं हात घट्ट धरला आणि मन हलकं झालं. भट्टी हलली की दोन ओळी टाका.

शिवांजली

नांदूरघाट, २ सप्टेंबर

चि. सौ. शिवांजलीस आशीर्वाद.

फोनवर तू ओरडशील म्हणून लिहितो. शेजारच्या जागेत रुद्रेशनं दोन गाळे काढले, भाडं चांगलं येतं. भट्टी दिवाळीनंतर हलवणारच होतो. परवा तुराट्यांनी पेट घेतला. वर्षाराणीची पाठ आणि उजवा हात भाजला, बीडला दवाखान्यात आहे. जीव वाचला. विस्तवाशी काम म्हटल्यावर असं व्हायचंच. पण गौरी-गणपतीची मागणी आहे, दूध रोज येतं. पंधरा दिवस येऊन कढईवर उभी राहशील का? माहेरावर लोभ ठेव.

मन्मथप्पा

लातूर, ५ सप्टेंबर

आप्पा,

येते आहे, पण कढईवर नाही. वर्षाराणीला दवाखान्यातून माझ्याकडं आणणार आहे. तिला विचारलं, ती हो म्हणाली. माझी जागा घेतलीत, त्याचं सोडा. तिच्या जिवाची भीती दाखवून घेतलीत, हे मी विसरणार नाही.

कढईशी आता तुमच्या लेकाला उभं करा. जळण तिथंच रचा, त्याच्या पाठीला लागून. मग बघा, भट्टी किती दिवसांत हलते.

शिवांजली