माझं ‘येस’

रोई-एत,
१२ नोव्हेंबर

दाओताईस मापरांगचा नमस्कार.

बरी आहेस ना? कारखान्यात अजून रात्रपाळीच का? आई ठणठणीत आहे. तिनं तुला फोनवर सांगितलंच असेल म्हणा. बाजारात तर कुणाला सोडलं नाहीये! "माझ्या पोरीनं साऱ्या शाळेदेखत गोऱ्या मास्तरांना इंग्रजीत सांगितलं, ही माझी आई!"

ताई, मी तसं सांगितलंच नाही.

इंग्रजी भाषणाची स्पर्धा होती. विषय, ‘मी इंग्रजी का शिकते’. परदेशी पाहुणे, मोठ्या हॉटेलातली नोकरी, असलं काय काय पाठ केलं होतं. खरं कारण तुला ठाऊक आहे. आईसारखी जन्मभर गाडीवर कच्ची पपई कुटून सोमतमची कोशिंबीर विकायची नाही मला.

माझं नाव पुकारणार, तेवढ्यात आई दारात! गाडीवरचा ॲप्रन तसाच, हातात चिकट भाताची पिशवी, अंगाला आंबवलेल्या माशांचा वास. "मापरांग, उपाशीपोटी बोलू नकोस गं!"

पोरी फिदीफिदी हसल्या. फेर्न म्हणाली, "कुणाची गं ही? नाकं धरा!"

टीचर ग्रेगनी आईकडे बघत मला इंग्रजीत विचारलं, "ती तुझी आई नाही ना?"

मी म्हटलं, "येस."

मग बिघडलं कुठं, म्हणशील. अगं, आपल्या थाईत कुणी "नाही ना?" विचारलं, की नसेल तर आपण "हो" म्हणतो. मला तेच म्हणायचं होतं. हो, नाही माझी आई. पण इंग्रजीत ते उलटं होतं, ‘येस’ म्हणजे ‘आहे’, आणि ऐन वेळी मी विसरले. सर उठले, आईसमोर हात जोडून वाकले आणि आपल्या मोडक्यातोडक्या थाईत म्हणाले, "मुलगी म्हणते, आई!" पहिल्या रांगेत खुर्ची दिली तिला.

आई रडली गं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढं मी काय बोलले, आठवत नाही.

काल म्हणाली, "मलाही एक वाक्य शिकव. गिऱ्हाइकांना सांगेन, ही माझी लेक." शिकवलं. खलात पपई कुटता कुटता घोकत असते. मी शेजारी बसून मिरच्या निवडते. तिच्याकडे बघवत नाही.

तिला खरं सांगू का? तूच सांग. पण फोनवर नको, ती कान लावून ऐकते.

माझ्या चुकलेल्या इंग्रजीनं आईची लाज राखली, ताई. मी नाही राखली.

तुझीच म्हणवून घ्यायलाही कचरणारी,
मापरांग