छतातला रूळ

बालाघाट, मंगळवार, दिवेलागण

मी बोलते, नात लिहिते. मंजू, गोड करून लिहू नको बरं.

धाकट्या देराले आमच्या घरावर आपल्या पोरासाठी आणखी एक माळा चढवायचा आहे. रिटायर ओव्हरसियर तो! जुन्या नकाशात छताच्या एका लोखंडाचा आकार काढलाय, तो मंजूच्या इंजिनियरीच्या पुस्तकात कुठंच सापडेना. देर म्हणे, "गर्डर आहे, झेलते."

मी नकाशा पाहिला. "भाऊजी, गर्डर वरून-खालून सारखा असते. याचं वरचं डोकं जाड, खालचा पाय पसरट. हा छोट्या लाइनीच्या रेल्वेचा जुना रूळ आहे."

"वहिनी, तुमाले अक्षर येत नाही, नकाशा काहून वाचता?"

नवी नवरी होते तेव्हाही भरपंगतीत त्यानं मले अंगठेबहाद्दर म्हटलं होतं. विसरले का मी? हे छत टाकलं तेव्हा हा दूर बिरसा गावाले नोकरीवर. रुळाचं एक टोक आमच्या ह्यांच्या खांद्यावर, दुसरं माझ्या. ते जाड डोकं हाडात रुतलेलं मलेच ठाऊक.

"भिंतीतलं टोक उघडा," म्हटलं. देर स्वतःच छिन्नी घेऊन स्टुलावर चढला. पाहतो तं काय, जाड डोकं! तेही गंजून अर्धं झालेलं.

मंजू त्याले म्हणाली, "आजोबा, यावर माळा चढवला असता तर सगळे खाली आले असते."

देर हळूच म्हणे, "वहिनी, पोराले नका सांगू. काय इज्जत राहीन माझी?"

"हौ, मी कशाले सांगू?" म्हटलं.

मोबाइलमधल्या त्याच्या पोराच्या फोटोवर बोट ठेवून फोन मी केव्हाच लावला होता. तो सारं ऐकूनच राह्यला होता.