डोक्याकडची खाच

प्रिय चिमणे,

तू सुट्टीवर गेल्यापासून तुझ्या टेबलाला कुणी हात लावलेला नाही. मी लावू दिलेला नाही, असं म्हण हवं तर. ऊतींचे काप करतो म्हणून तुम्ही पोरांनी मला कापकाका केलंत, पण सध्या माझ्याकडे राखणदारीही आहे.

एकतीस वर्षं मी उंदरांच्या श्वासनलिका कापल्या. त्यांच्यात काय चाललेलं असतं ते मात्र तू दाखवलंस. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलंस. पेशींवरचे ते केस एका लयीत हलत होते आणि तू सोडलेले रंगीत कण घशाच्या दिशेने निघाले होते. डोकं कुठे, फुफ्फुसं कुठे, हे प्रत्येक पेशीला कळतं, म्हणालीस. काही जनुकांची प्रथिनं पेशीच्या एका ठरावीक कडेला जमतात, शेजारच्या पेशीला ते जाणवतं, आणि नलिका घडत असतानाच सगळ्यांचे केस एकीकडे वळतात. ती जनुकं बिघडली तर केस असतात, हलतातही, पण ज्याची त्याची दिशा निराळी, आणि कफ जागच्या जागी. घरी बायकोला सांगितलं, तर म्हणाली, मग आपल्या घरात दुसरं काय चालतं.

पुढे तू एक जनुक मंद केलंस आणि श्वासनलिकेच्या तीन तुकड्यांत प्रवाह चक्क उलटा, फुफ्फुसांकडे गेला. आपल्या प्रयोगशाळेचे सर हुरळून गेले. तू सभेत निकाल मांडलास, सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. तू माझ्या बाटल्या उघडल्यास. कापून उरलेली, फुफ्फुसांकडे दोन फाटे फुटलेली नळीची टोकं बाहेर काढलीस आणि तुकड्यांच्या कडा त्यांना जुळवत दिवसभर बसलीस. डोक्याकडची बाजू कळावी म्हणून आपण तुकड्याला खाच मारतो. ती तिन्हींत फुफ्फुसांकडच्या कडेला निघाली. केस बिचारे बरोबरच होते.

भरसभेत उभी राहून तू निकाल मागे घेतलास. खाच कुणी मारली, असं सरांनी विचारल्यावर, मीच, माझं लक्ष नव्हतं, असं तू म्हणालीस. मी मागच्या खुर्चीत होतो. खाच माझ्या हातची होती. सरांनी तुझं काम काढून घेतलं तरी मी गप्प राहिलो. चार महिन्यांत निवृत्त होणाऱ्या माणसाला तू पाठीशी घातलंस. तेव्हा मला डाव्या डोळ्याने धूसर दिसत होतं, हे तुला कसं कळलं कोण जाणे. इतकी खरी पोरगी एकदाच खोटं बोलली, आणि तेही माझ्यासाठी.

आज सकाळी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, काम तिचं आहे, तिला बोलावून घ्या. माझं काय करायचं ते सोमवारी ठरेल. त्याची काळजी करू नकोस. पाकिटात माझी बारीक कात्री ठेवली आहे. टोकाला रबर लावलंय, जपून काढ. लवकर ये. यापुढे खाच तू मारायचीस.

तुझाच,
कापकाका